एका हाताची खुर्ची

"सिन्योरा, माझ्या सोफ्याला तुमच्या स्वयंपाकाचा वास येतोय."

दारात उभा असलेला माणूस उंच, किडकिडीत. केस पांढरे, स्वेटर काळा. माझं इटालियन तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. त्याच्या वाक्यातला 'सोफा' तेवढा मला कळला आणि 'वास' त्यानं नाक चिमटीत धरून समजावला. माझ्या हातात फोडणीची पळी होती आणि तिच्यात हिंग-मोहरी अजून तडतडत होती. पुरावा हातात घेऊनच मी दार उघडलं होतं.

हे १९९० सालातलं. माझ्या नवऱ्याला, विद्याधरला, त्याच्या पुण्याच्या कंपनीनं लाकूडकामाची यंत्रं शिकायला इटलीत पाठवलं होतं, मिलानच्या उत्तरेला, ब्रियान्त्सा नावाच्या भागात. आमच्या सांगलीत गल्लीबोळांतून हळदीचा वास येतो, तसा तिथं भुशाचा यायचा. ज्याच्या-त्याच्या परसात कारखाना. कुणी खुर्च्यांचे नुसते पाय करायचा, कुणी नुसती पाठ, कुणी नुसतं पॉलिश. आम्ही राहायचो ती जुनी रेशमाची गिरणी होती. वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि तळमजल्यावर या एत्तोरेचा स्टुडिओ. तो फोटो काढायचा. माणसांचे नाही, खुर्च्या-टेबलांचे. आमच्या स्वयंपाकघरातला धूर कुठल्याशा जुन्या नळकांड्यातून थेट त्याच्या स्टुडिओत उतरत होता.

मी डोक्यात शब्द जुळवले आणि विचारलं, "पण फोटोला वास येत नाही ना?"

त्यानं नाकावरची चिमटी सोडली. मग इतका हसला की जिन्यात आवाज घुमला. "फोटोला नाही, सिन्योरा. पण सोफा परत मालकाकडे जाणार, आणि मालकाला नाक आहे."

मी खाली गेले. सोफ्याच्या खोळी काढल्या, उन्हात टाकल्या, इस्त्री करून परत चढवल्या. एत्तोरेची मदतनीस नुकतीच लग्न करून गेली होती. त्यानं दुसऱ्या दिवशी पडदे आणून दिले, तिसऱ्या दिवशी चादरी. मी जात राहिले.

"अगं, तुला इथं नोकरी करता येत नाही. व्हिसा कसला आहे आपला?" विद्याधर घाबरला.

"नोकरी कुठं करतेय? इस्त्री करतेय."

स्टुडिओत गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की फोटोतलं फर्निचर धादांत खोटं बोलतं. लग्नात नवरीचं ब्लाउज पाठीमागून सेफ्टी पिनांनी आवळलेलं असतं ना, तसं. सोफ्याच्या पोटाखाली विटा. टेबलाच्या मागच्या पायांखाली लाकडाचे तुकडे. जी बाजू कॅमेऱ्याला दिसत नाही तिला कधी कधी कापडच नसायचं. आणि कुठल्याच फोटोत माणूस नाही. एवढ्या सुंदर खुर्च्या, आणि बसायला कुणी नाही.

"कुणाला बसवत का नाही?" मी एकदा विचारलं.

"माणूस बसला की लोक माणसाकडे बघतात. त्याचे बूट बघतात, त्याचं पोट बघतात. खुर्ची दिसेनाशी होते." मग कॅमेऱ्याच्या लाकडी डब्यावर बोटं वाजवत तो म्हणाला, "कुंदा, न्यूयॉर्कमध्ये, टोकियोमध्ये आमच्या खुर्च्यांचं एवढं नाव आहे. त्यातले किती लोक बसलेत त्यांच्यावर? बसले नाहीत, त्यांनी बघितल्यात. कागदावर. आमचं निम्मं नाव सुतारानं केलंय आणि निम्मं या डब्यातून बाहेर पडलंय."

"म्हणजे निम्मं तुम्ही."

"मी कुणालाच असं सांगत नाही," तो म्हणाला. पण सगळ्यांना सांगायचा.

पिएरिनो आला तो फेब्रुवारीतल्या एका सकाळी. बुटका, रुंद, मान खांद्यात रुतलेली. माझ्या काकांसारखाच दिसायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना पिएरिनोकाकाच म्हणायला लागले. ते जन्मभर मोठ्या कंपन्यांसाठी खुर्च्या करत आले होते. खुर्ची यांची, नाव कंपनीचं आणि कुठल्या तरी वास्तुविशारदाचं. एत्तोरे एकदा त्यांच्या घरी टेबल बघायला गेला, तेव्हा त्याला स्वयंपाकघरात एक खुर्ची दिसली. ती कुठल्याच कंपनीसाठी नव्हती. त्यानं एका मासिकाच्या संपादिकेच्या कानावर घातलं आणि तिनं फोटो मागवला.

काकांनी खुर्ची घोंगडीत गुंडाळून आणली होती. लहान मूल झोपेतून उठू नये अशा बेतानं त्यांनी ती खाली ठेवली आणि घोंगडी काढली.

अक्रोडाचं लाकूड, फिकट चामड्याची बैठक. आणि हात एकच. बसणाऱ्याच्या उजव्या बाजूला जाड, गोलसर, वापरून गुळगुळीत झालेला हात. डावी बाजू सताड मोकळी. तिकडचा पुढचा पायही सरळ नव्हता, तिरका होऊन आत गेला होता. पाऊल टाकता टाकता कुणी थबकावं तसा.

"दुसरा हात करायचा राहिला का?" मी एत्तोरेच्या कानाशी विचारलं.

"गप्प. हीच तर गंमत आहे."

"संध्याकाळी परत न्यायला येतो," काका म्हणाले. "आज ती पलंगावर पडून राहणार आहे. तिला दुसरीकडे बसता येत नाही."

'ती' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. जाताना ते दारात थांबले, टोपी हातात फिरवत. एत्तोरे दिव्यांच्या वायरी ओढण्यात गुंतला होता, म्हणून मला म्हणाले, "सिन्योरा, फोटोखाली नाव घालतात ना?"

"घालतात."

"माझं?"

"खुर्ची तुमची, तर नाव तुमचंच ना."

"तसं नसतं," ते म्हणाले आणि गेले.

दिवसभर एत्तोरे त्या खुर्चीशी झगडला. मला बसवून दिवे लावले, उठवून लावले. त्या मोठ्या कॅमेऱ्यात काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचं असतं आणि चित्र खाली डोकं वर पाय असं दिसतं. मीही एकदा बघितलं. खुर्ची छताला वटवाघळासारखी लटकली होती. मी बसायचे तेव्हा उजवा हात आपोआप त्या गुळगुळीत लाकडावर जायचा, आणि डावा टेकायला काही नाही म्हणून हवेत पडायचा. दचकल्यासारखं व्हायचं.

"काहीतरी अडतंय," एत्तोरे कुरकुरत होता. "नजर डावीकडून आत येते आणि या हातावर थडकते. दार तोंडावर आपटल्यासारखी." बरोबरच होतं. समोरून बघणाऱ्याला तो हात डावीकडे दिसायचा. त्यानं कॅमेरा हलवला, खुर्ची फिरवली. फिरवली की लाकडाच्या सुरेख रेषा अंधारात जायच्या. शेवटी होती तशी ठेवून त्यानं फोटो काढले आणि चिडून कॉफी प्यायला निघून गेला.

काका आले तेव्हा मी खुर्चीतच बसून खोळीला बटणं लावत होते. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानंच 'बसा' म्हटलं. ते माझ्या डाव्या बाजूला आले. त्या तिरक्या पायाच्या पोकळीत त्यांनी आपला बूट घातला. तो तिथं असा बसला की जणू त्याच्याच मापानं पाय कापला होता. एक हात माझ्या काखेखालून पाठीमागं गेला. मला कळायच्या आत मी उभी होते.

"असं उठवतो ईदाला," ते म्हणाले. "बायको माझी. डावी बाजू गेली तिची, दोन वर्षांपूर्वी. उजव्या हातानं ती रेटते. इकडून मी."

मी त्या मोकळ्या बाजूकडे बघत राहिले. दिवसभर मला वाटत होतं की तिथं काही नाही.

चार-आठ दिवसांनी एत्तोरेनं हाक मारली. खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म ठेवली होती. मी बघितली आणि माझ्या तोंडून 'अगंबाई' निघालं.

खुर्ची तरंगत होती. नजर डावीकडून अलगद आत शिरत होती, बैठकीवर टेकत होती, आणि पलीकडचा हात तिला सांभाळून घेत होता. ती रिकामी खुर्ची बघून मला पहिल्यांदा बसावंसं वाटलं.

मग मी फिल्मच्या कडेकडे बघितलं. कोपऱ्यात बारीक खाचा असतात, त्यांच्यावरून सुलटी बाजू ओळखतात. खाचा भलत्याच कोपऱ्यात होत्या.

"ही उलटी ठेवलीय."

"हो."

"चुकून?"

"चुकून कसली! दोन दिवस बघतोय. उलटी केली आणि खुर्ची जागी झाली. मी काही बदललेलं नाही, कुंदा. नुसती पालथी केलीय."

"पण हात डाव्या बाजूला गेला."

"मासिकात कुणी बसणार नाहीये."

"त्यांची बायको बसते."

"तिची खुर्ची तिच्याकडेच आहे. मी ती कुठं घेतोय?" त्यानं चश्मा काढला. "संपादिकेला दोन्ही दाखवल्या. सुलटीला ती आतलं छोटं पान देते. हिला मुखपृष्ठ. एप्रिलमध्ये मिलानचं प्रदर्शन, सगळं जग येतं. मुखपृष्ठावर पिएरिनोची खुर्ची. त्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या नावाला पॉलिश केलंय."

"मग त्यांना विचारा."

"विचारतो की."

"न विचारता पाठवणार होता तुम्ही."

एत्तोरेनं चश्मा परत डोळ्यांवर ठेवला. कोट चढवला आणि म्हणाला, "चल. तू पण चल. तू असलीस की तो माझ्यावर ओरडणार नाही."

पिएरिनोकाकांचं स्वयंपाकघर अंधारं आणि उबदार होतं. चुलीजवळ ती खुर्ची आणि तिच्यात ईदा. बारीक चणीची, केस नीट विंचरलेले, तोंडाची डावी बाजू जराशी ओघळलेली. डावा हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला ठेवावी तसा. समोर, भिंतीला लावून, आरशाचं जुनं कपाट. स्वयंपाकघरात कपाट बघून मी चमकले, तर काका म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय. आरशात बघून तोंडाचे व्यायाम करायचे. मग आणलं झोपायच्या खोलीतून ढकलत."

"आ, ए, ई," ईदा एका बाजूनं हसत म्हणाली. "मासा."

"मासा दिसते म्हणते," काकांनी अर्थ सांगितला. तिचं बोलणं तुटक होतं. बाकीचं वाक्य काका पुरं करायचे.

एत्तोरेनं फोटो टेबलावर ठेवला. काकांनी हात पुसले आणि वाकून बघितलं. त्यांचा चेहरा आधी उजळला. मग बोट त्या हातावर आलं आणि तिथंच थांबलं.

"हे काय?"

एत्तोरेनं समजावलं. नजर, डावीकडून उजवीकडे, मुखपृष्ठ, प्रदर्शन. काका ऐकत होते. बोट हललं नाही.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "या बाजूला हात असेल तर मी कुठं उभा राहू? ती पडेल ना."

"पिएरिनो, फोटोतून कोण पडणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही? वीस वर्षं मी तुझ्या खुर्च्यांचे फोटो काढतोय आणि खाली दुसऱ्यांची नावं छापलेली बघतोय! एकदा तुझं नाव..."

"खोट्या खुर्चीखाली नको. सुलटी छाप, छोट्या पानावर छाप. नाही तर राहू दे." त्यांनी फोटो ढकलला. टेबलावरून घसरत तो माझ्यापाशी आला. काका पाठ फिरवून चुलीतली लाकडं सारू लागले. ती सारायची काही गरज नव्हती.

एत्तोरेनं कोट उचलला. मी फोटो उचलला. 

"आण," ईदा म्हणाली.

मी फोटो तिच्यापुढं धरला. तिनं उजव्या हातानं तो घेतला. लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ बघितला.

"हीच," ती म्हणाली.

"ईदा, नीट बघ," काका तिकडूनच म्हणाले. "हात कुठं आहे बघ."

"हीच. माझी."

"अगं, उलटी आहे ती!"

ईदानं फोटो मांडीवर ठेवला. चांगला हात उचलून तिनं आमच्या मागं बोट दाखवलं. आम्ही तिघांनीही वळून बघितलं.

कपाटाच्या आरशात चूल होती, खुर्ची होती, खुर्चीत ईदा होती. आणि खुर्चीचा हात होता तो फोटोत होता तिथंच, उजवीकडे.

"तू समोरून बघतोस," ती म्हणाली. एकेक शब्द वजन उचलल्यासारखा येत होता, पण या वेळी काकांनी वाक्य पुरं केलं नाही. "मी इथून. मला हीच दिसते. रोज." ती थांबली, श्वास घेतला. "तुझी... मी कधी पाहिलीच नाही."

काका चिमटा हातात घेऊन उभे होते. तो त्यांनी खाली ठेवला. मग ते तिच्या डावीकडे गेले, गुडघे कुरकुरले तरी खाली बसले, आणि तिच्या डोक्याला डोकं लावून तिच्या जागेवरून आरशात बघू लागले. खुर्ची करताना त्यांनी तिचं वजन हिशेबात घेतलं होतं, तिचा जोर, स्वतःचा बूट. ती दिवसभर बसून काय बघत असेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. दोन म्हातारी डोकी आरशात शेजारी शेजारी. एत्तोरे, ज्याच्या फोटोत कधी माणूस नसायचा, कोट अर्धा चढवून तसाच उभा राहिला.

"मासा," काका हळूच म्हणाले. ईदा हसली. तिचा अर्धा चेहरा हसला म्हणजे मी पूर्णच मोजते.

उठता उठता ते एत्तोरेला म्हणाले, "छाप. खाली माझं नाव घाल. पण खुर्चीचं नाव ईदा."

मुखपृष्ठ आलं. एप्रिलच्या प्रदर्शनात लोक मासिक हातात घेऊन खुर्ची शोधत फिरत होते. काकांनी सुरुवातीला ज्या दोन-चार केल्या त्या अर्थात सुलट्या केल्या. त्या परत आल्या, 'उलटी आहे' अशा तक्रारीसकट. मग एका कंपनीनं ती खुर्ची हातात घेतली आणि जगानं जशी बघितली होती तशी, डाव्या हाताची, करायला सुरुवात केली. तिरक्या पायाबद्दल मोठमोठे लेख आले. कुणाला त्यात नर्तकीचं पाऊल दिसलं, कुणाला पक्षी उडण्याआधीचा क्षण. एत्तोरे मला ते वाचून दाखवायचा आणि आम्ही दोघं पिएरिनोकाकांचा बूट आठवून हसायचो.

आम्ही परत आलो. काही वर्षांनी एत्तोरेचा फोन आला, ईदा गेली म्हणून. "खुर्ची तिथंच आहे, स्वयंपाकघरात," तो म्हणाला. "कुणी मागितली तरी देत नाही. आणि स्वतः तिच्यात बसतही नाही. शेजारी स्टूल घेऊन बसतो."

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" एत्तोरे म्हणाला.

गेल्या वर्षी मुलीच्या नव्या घरासाठी आम्ही पुण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो होतो. सगळं काही पांढरं आणि थंडगार. एका कोपऱ्यात, चौथऱ्यावर, ईदा. मागच्या भिंतीवर तोच फोटो, माणसापेक्षा उंच केलेला.

"ही आयकॉनिक पीस आहे, मॅम," तिथली मुलगी म्हणाली. "हा लेग बघा. डिझायनरला डान्सर सुचली होती म्हणे."

"असेल," मी म्हटलं. "बसू का?"

"ॲक्चुअली बसायची नाहीये..." ती म्हणाली, पण माझे गुडघे आता परवानगीची वाट बघत नाहीत. मी बसले. उजवीकडे मोकळं, डावीकडे हात. सगळं भलतीकडेच. मी त्यात ईदाला शोधत होते आणि ती काही सापडत नव्हती.

"कुंदा, चल आता." लांबून विद्याधर आला. त्याला शोरूममध्ये नेहमीच उकडतं. "तो पार्किंगवाला शिट्ट्या मारतोय." माझ्या उजवीकडे येऊन तो उभा राहिला, आणि चौथऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यानं बूट त्या तिरक्या पायाच्या पोकळीत घातला. हात पुढं केला. "ऊठ. धर."

मी हात धरला आणि मान वर केली. समोर भिंतभर आरसा होता.

आरशात खुर्ची सुलटी झाली होती. आरशातल्या बाईच्या उजव्या बाजूला खुर्चीचा हात, डावी बाजू मोकळी, आणि तिथं वाकलेला, टक्कल पडलेला, घामेजलेला एक माणूस. त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ईदाला त्या खुर्चीत पहिल्यांदा पाहिलं होतं, अगदी तसं.

"अहो, थांबा जरा. तिथंच उभे राहा."

"का? काय बघतेयस?"

"खुर्ची," मी म्हटलं.